बायपोलर आजारात औषधांचा योग्य मेळ कसा बसवावा आणि आधार कुठे शोधावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. २८ वर्षांच्या धाकट्या भावाला पाच वर्षांपूर्वी पहिल्या प्रकारच्या बायपोलर आजाराचे (ज्यात पूर्ण उन्मादाचे आणि बहुधा नैराश्याचेही काळ येतात) निदान झाले आणि उन्मादामुळे त्याला दोनदा रुग्णालयात दाखल करावे लागले. लिथियमने हात थरथरतात म्हणून ते बंद झाले, त्यानंतर व्हॅल्प्रोएट आले, ओलान्झापिनने वजन वाढले, आणि गेल्या वर्षी नैराश्यासाठी अँटिडिप्रेसंटची भर पडली. आज तो चार प्रकारच्या गोळ्या घेतो, तरीही महिनोन्महिने अंथरुणातून उठावेसे त्याला वाटत नाही. आईवडिलांना हा इच्छाशक्तीचा प्रश्न वाटतो, मित्र दुरावले आहेत, आणि बहिणीने विचारले आहे की सर्वांत गुणकारी मेळ कोणता आणि आम्हाला आधार कुठे मिळेल.

सर्वांना लागू पडेल असा एकच मेळ नाही, हे आधी स्पष्ट सांगतो. मात्र याचा अर्थ सारे अंदाजपंचे चालते असा कृपया घेऊ नका. या आजाराचे रुग्ण अनेक वर्षे पाहिल्यानंतर माझे मत असे झाले आहे की औषधांचा मेळ बसवायचा तो त्या माणसाच्या आजाराचा आजवरचा क्रम समोर ठेवून, आणि त्यातल्या प्रत्येक गोळीला नेमून दिलेले काम असले पाहिजे. कामे मुळात तीन असतात: आत्ताचा उन्माद उतरवणे, आत्ताचे नैराश्य उतरवणे आणि पुढचा झटका, म्हणजे उन्मादाचा किंवा नैराश्याचा नवा काळ, टाळणे. तिन्ही कामे सारख्याच ताकदीने करणारे औषध नाही, म्हणूनच अनेकांना दोन औषधे लागतात. पुढच्या भेटीत ‘याहून चांगली गोळी कोणती’ असे विचारण्याआधी ‘या चारांपैकी कोणती कशासाठी आहे’ असे विचारून ते कागदावर लिहून घ्या. एखाद्या गोळीचे काम कोणालाच सांगता आले नाही, तर ती कमी करता येईल का, हा पुढचा रास्त प्रश्न ठरतो.

भावाचे नैराश्य हे अपवादात्मक लक्षण नाही. अमेरिकेतील एका दीर्घकालीन अभ्यासात पहिल्या प्रकारच्या आजाराचे रुग्ण सरासरी तेराएक वर्षे पाहिले गेले. त्यांचे जवळजवळ निम्मे आठवडे काही ना काही लक्षणांत गेले आणि त्यांतील बहुतेक नैराश्याचे होते. उन्माद घराला हादरवतो म्हणून तो सर्वांच्या लक्षात राहतो. आयुष्य खाते ते मात्र बहुधा नैराश्य. त्यामुळे उन्माद आटोक्यात ठेवण्यापुरता केलेला मेळ कागदावर यशस्वी दिसला, तरी रुग्णाच्या दृष्टीने तो अपुराच असतो.

एखादे औषध ‘लागू पडले नाही’ असे म्हणण्यापूर्वी काही गोष्टी तपासाव्या लागतात. मात्रा पुरेशी होती का, पुरेसे आठवडे दिली का, आणि गोळी खरोखर रोज पोटात जात होती का? तिसरा प्रश्न आरोप न करता विचारावा, कारण बरे वाटत नसताना दिवसाला सहा-सात गोळ्या गिळण्याचा कंटाळा कोणालाही येतो. थायरॉइड मंदावले असेल तर नैराश्य हटत नाही आणि झटकेही वारंवार येऊ शकतात. मद्य, गांजा, स्टिरॉइडच्या गोळ्या आणि रात्रपाळी या चारही गोष्टी चांगला मेळ निष्फळ करू शकतात.

याच कारणासाठी मी प्रत्येक रुग्णाला एक साधी वही ठेवायला सांगतो. रोज रात्री एक ओळ लिहायची: किती तास झोप झाली, मन उणे तीन ते अधिक तीन या पट्टीवर कुठे होते, चिडचिड किती होती, गोळ्या घेतल्या की राहिल्या, आणि त्या दिवशी विशेष काही घडले का. स्त्रियांनी पाळीची तारीखही नोंदवावी. दोन महिन्यांच्या अशा ओळी समोर असल्या की पंधरा मिनिटांच्या भेटीत डॉक्टरांना जे दिसते, ते आठवणीतून सांगितलेल्या हकिगतीत दिसत नाही. एका रुग्णाच्या वहीत मनाचा आकडा सलग शून्याच्या आसपास होता, पण झोप सात तासांवरून सहा, मग पाच, मग साडेतीन अशी उतरत गेली होती. त्याला स्वतःला काहीच वेगळे जाणवत नव्हते, उलट ‘हल्ली फार ताजेतवाने वाटते’ असे तो म्हणत होता. झोपेचा तो उतरता रकाना पाहून औषध वेळीच वाढवता आले. नैराश्याच्या दिवसांत भावाला लिहिणे जमणार नाही. तेव्हा त्याच्याकडून तोंडी आकडा घेऊन तुम्ही लिहिला तरी चालेल, पण आकडा त्याचाच असावा.

आता लिथियमबद्दल सविस्तर लिहितो, कारण तुमच्या प्रश्नात मला सर्वांत खटकलेली गोष्ट तीच आहे. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादावर लिथियमचा उपयोग प्रसिद्ध केला. त्यानंतर कितीतरी औषधे आली, तरी झटके टाळण्याच्या कामात ते आजही पहिल्या पंगतीत आहे आणि आत्महत्येचा धोका कमी करण्याबाबत त्याच्याइतका भक्कम पुरावा या आजारातील दुसऱ्या औषधामागे नाही. थरथरीपायी ते कायमचे सोडण्याआधी ती थरथर किती होती आणि तेव्हा रक्तातील पातळी काय होती, हे जुन्या कागदांत शोधा. बारीक थरथर हा नेहमीचा दुष्परिणाम आहे. मात्रा थोडी कमी केल्याने, पूर्ण मात्रा रात्री घेतल्याने, कॅफीन कमी केल्याने किंवा दमा वगैरे अडचण नसल्यास प्रोप्रॅनोलॉल दिल्याने ती पुष्कळदा सुसह्य होते. जाडसर, कप उचलता येऊ नये अशी थरथर, सोबत उलट्या-जुलाब, अडखळती चाल किंवा बोबडे बोलणे असेल तर ती विषबाधा समजून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. बारीक थरथरीसाठी लिथियम बंद झाले असेल, तर त्याला दुसरी संधी देण्याबद्दल डॉक्टरांशी जरूर बोला.

लिथियमची पातळी पाहण्यासाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचे असते. रात्री नऊला गोळी घेतली, तर सकाळी नऊला रक्त. सकाळचीही गोळी असेल तर ती रक्त दिल्यानंतर. एवढा एक नियम चुकला की आकडा फसवा येतो आणि त्यावरून मात्रा विनाकारण बदलली जाते. दीर्घकाळ झटके टाळण्यासाठी साधारण ०.६ ते ०.८ (मिलिमोल प्रति लिटर) ही पातळी बहुतेकांना पुरते, तीव्र उन्मादात ती काही काळ अधिक ठेवतात, आणि १.५ च्या वर धोका स्पष्टपणे वाढतो. मात्रा बदलल्यावर आठवडाभराने, पुढे पहिले वर्षभर दर तीन महिन्यांनी पातळी पाहावी. मूत्रपिंड, थायरॉइड आणि कॅल्शियमच्या तपासण्या दर सहा महिन्यांनी कराव्यात. मूत्रपिंड लिथियमला मिठातील सोडियमसारखेच वागवते, म्हणून जुलाब, उलट्या, कडक उन्हातील घाम किंवा अचानक मीठ तोडणे यांमुळे शरीर लिथियम धरून ठेवते आणि पातळी चढते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी वेदनाशामके आणि रक्तदाबावरील काही औषधे हेच करतात. डोके दुखले तर पॅरासिटामॉल घ्यावे, आणि कोणतेही नवे औषध घेताना, अगदी दातांच्या डॉक्टरांकडेही, लिथियम चालू असल्याचे सांगावे.

मेळाचा विचार करताना २०१० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मी नेहमी सांगतो. ३३० रुग्णांना लिथियम, व्हॅल्प्रोएट किंवा दोन्ही देऊन दोन वर्षांपर्यंत पाहिले गेले. दोन्ही एकत्र घेणारे आणि केवळ लिथियम घेणारे, असे दोन्ही गट केवळ व्हॅल्प्रोएट घेणाऱ्यांपेक्षा चांगले राहिले. मात्र एकट्या लिथियमपेक्षा जोडी निश्चित सरस आहे, असे त्यातून सिद्ध झाले नाही. म्हणजे आज भावाच्या चार गोळ्यांत व्हॅल्प्रोएट आहे आणि लिथियम नाही, एवढ्या एका गोष्टीनेही चर्चा सुरू करण्यास पुरेसे कारण मिळते.

लिथियम किंवा व्हॅल्प्रोएटसोबत क्वेटियापिन हा मेळ आज बराच वापरला जातो आणि तो योग्यही आहे, कारण क्वेटियापिन उन्माद व नैराश्य या दोहोंवर चालते आणि जोडीने घेतल्यास दोन्ही टोकांचे झटके कमी होतात. नैराश्यासाठी त्याची मात्रा साधारण ३०० मिलिग्रॅमपर्यंत नेतात. झोपेसाठी म्हणून दिलेल्या २५ किंवा ५० मिलिग्रॅमवर ते ‘लागू पडले नाही’ असे म्हणणे त्या औषधावर अन्याय आहे. गुंगी आणि वजन ही त्याची किंमत. वजनाची चिंता मोठी असेल तर लिथियम किंवा व्हॅल्प्रोएटसोबत ल्युरासिडोन हा विचार करण्याजोगा पर्याय आहे, पण ते किमान ३५० कॅलरींच्या जेवणासोबतच घ्यावे लागते; रिकाम्या पोटी घेतल्यास त्याचा बराचसा भाग शोषलाच जात नाही आणि औषधाला उगाच दोष लागतो.

लॅमोट्रिजिन नैराश्याचे झटके टाळण्यात उपयोगी आहे, वजन सहसा वाढवत नाही आणि डोके जड करत नाही. पण उन्माद रोखण्यात ते दुबळे असल्याने पहिल्या प्रकारच्या आजारात त्याला जोडीदार लागतो. त्याची खरी कसोटी संयमाची आहे. पहिले दोन आठवडे रोज २५ मिलिग्रॅम, पुढचे दोन ५०, मग १०० आणि नंतर २००, अशी चढण सहा-सात आठवड्यांची असते, कारण घाईने चढवल्यास त्वचेवर जीवघेणी प्रतिक्रिया येण्याचा धोका वाढतो. व्हॅल्प्रोएट सोबत असेल तर लॅमोट्रिजिनची रक्तातील पातळी सुमारे दुप्पट होते, म्हणून हीच चढण निम्म्या मात्रेने चढावी लागते. तुमच्या भावाच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे. अंगावर पुरळ, ताप, तोंडात किंवा डोळ्यांत फोड आले तर औषध थांबवून तत्काळ डॉक्टर गाठावेत. सलग पाच-सहा दिवस गोळी चुकली, तर जुन्या मात्रेवर परत न जाता पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागते. क्वेटियापिनमध्ये लॅमोट्रिजिनची भर घालण्याच्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आणखी एक अनपेक्षित गोष्ट दिसली: सोबत फॉलिक अॅसिड घेणाऱ्यांत लॅमोट्रिजिनचा फायदा जणू पुसला गेला. ‘जीवनसत्त्वेच तर आहेत’ म्हणून आपण होऊन घेतलेल्या गोळ्याही डॉक्टरांना दाखवाव्यात, त्या यासाठी.

कार्बामाझेपिनबद्दल एवढेच सांगतो की ते यकृताला इतर औषधे झपाट्याने मोडायला लावते. क्वेटियापिन, ल्युरासिडोन आणि गर्भनिरोधक गोळ्या त्याच्यासोबत निकामी होऊ शकतात. आशियाई वंशाच्या काही लोकांत विशिष्ट जनुकामुळे त्याने त्वचेची गंभीर प्रतिक्रिया येते, म्हणून आधी जनुकीय तपासणी करणे शहाणपणाचे.

अँटिडिप्रेसंटचा मुद्दा नाजूक आहे. २००७ साली अमेरिकेत ३६६ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात मूड स्टॅबिलायझरसोबत (लिथियम, व्हॅल्प्रोएट यांसारख्या मनाचे चढउतार रोखणाऱ्या औषधासोबत) अँटिडिप्रेसंट घेणाऱ्यांपैकी सुमारे २४ टक्के टिकाऊ बरे झाले आणि त्याऐवजी औषध नसलेली हुबेहूब गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे २७ टक्के. म्हणजे भर घालून सरासरीने काही हाती लागले नाही. काही रुग्णांना त्याचा उपयोग होतो, हे मी पाहिले आहे आणि नाकारत नाही. मात्र पहिल्या प्रकारच्या आजारात ते एकटे कधीही देऊ नये, आणि वर्षभर घेऊनही नैराश्य तसेच असेल, किंवा अस्वस्थता, चिडचिड व झोपमोड वाढली असेल, तर ते हळूहळू काढण्याबद्दल बोलण्याची वेळ आली आहे असे समजावे. स्वतःहून एका दिवसात बंद करू नका.

वजनाबद्दल रुग्ण बोलतात तेव्हा त्यांना ‘मन महत्त्वाचे की वजन’ असे विचारणारे डॉक्टर मला पटत नाहीत. वजन, कंबरेचा घेर, साखर आणि कोलेस्टेरॉल सुरुवातीला व नंतर ठरावीक काळाने पाहिलेच पाहिजे. वाढ लवकर दिसली तर औषध बदलता येते, आणि मेटफॉर्मिन या मधुमेहावरील औषधाचा काहींना उपयोग होतो. हे उत्तर वाचणाऱ्या स्त्रियांसाठी एक गोष्ट नि:संदिग्ध शब्दांत: गर्भारपणात घेतलेल्या व्हॅल्प्रोएटमुळे दहापैकी सुमारे एका बाळात जन्मजात व्यंग येते आणि दहापैकी तीन-चार मुलांत वाढीच्या व शिकण्याच्या अडचणी दिसतात. गर्भधारणेची शक्यता असलेल्या वयात हे औषध शक्यतो टाळावे. आधीच चालू असेल तर घाबरून थांबवू नये, तातडीने डॉक्टरांना भेटावे.

मेळ बदलण्याची पद्धतही मेळाइतकीच महत्त्वाची आहे. एका वेळी एकच बदल करावा, नवे औषध पुरेशा मात्रेवर पोहोचेपर्यंत जुने चालू ठेवावे, आणि नवे रुजल्यावर जुने काढण्यास विसरू नये. चार गोळ्यांच्या चिठ्ठ्या बहुधा अशाच तयार होतात, प्रत्येक संकटात एकेक गोळी वाढत जाते आणि संकट सरले तरी ती काढायची राहते. दोन-तीन योग्य प्रयत्न होऊनही नैराश्य हटत नसेल, तर विद्युत-उपचार (ईसीटी, म्हणजे मेंदूला नियंत्रित विद्युतप्रवाह देणे) हा भूल देऊन केला जाणारा, परिणामकारक उपचार आहे. काही काळच्या आठवणी पुसट होण्याचा त्रास त्यात होतो, पण केवळ ऐकीव भीतीपोटी तो नाकारू नये.

आता आधाराकडे वळतो, आणि त्याला मी उपचाराचाच भाग मानतो. बार्सिलोनातील मानसोपचारतज्ज्ञांनी स्थिर असलेल्या १२० रुग्णांवर एक अभ्यास केला. त्यांतील निम्म्या रुग्णांना औषधांसोबत २१ बैठकांतून आजाराची माहिती, झटक्याची पूर्वचिन्हे ओळखणे आणि दिनक्रम सांभाळणे शिकवले गेले. पाच वर्षांनंतरही त्यांचे झटके इतरांपेक्षा कमी होते. अमेरिकेत नैराश्यात असलेल्या रुग्णांना औषधांसोबत कुटुंबकेंद्री उपचार, दिनक्रमावर भर देणारे उपचार किंवा विचार-वर्तन उपचार सघनपणे दिले, तेव्हा वर्षभरात ६४ टक्के सावरले. थोडक्यात माहिती दिलेल्या गटात हे प्रमाण ५२ टक्के होते. अशा परिणामाची गोळी निघाली असती तर ती प्रत्येक चिठ्ठीवर लिहिली गेली असती.

आईवडिलांना पुढच्या भेटीला सोबत न्या आणि ‘हा आळस नाही’ हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडून त्यांच्या कानावर पडू द्या. घरात सतत टीका होत असेल तर झटके अधिक वेळा येतात, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे; आईवडिलांना दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही, कारण तेही थकलेले आणि घाबरलेले आहेत. ‘किती लोळतोस, ऊठ आता’ याऐवजी ‘मी चपला घालून दारात उभी आहे, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ’ असे म्हणून पाहावे. तो दहापैकी सात वेळा नाही म्हणेल. आठव्या वेळीही तितक्याच शांतपणे विचारावे. उठण्याची वेळ रोज एकच ठेवता आली, तर दिनक्रमातली पहिली लढाई जिंकली असे मी म्हणेन.

आधारगट शोधताना मोठ्या शिक्षण-रुग्णालयांच्या मानसोपचार विभागातील समाजसेवकांकडे चौकशी करा. रुग्णांसाठी आणि शुभंकरांसाठी, म्हणजे रुग्णाची काळजी घेणाऱ्या नातलगांसाठी, वेगळे गट असतील तर दोन्हींत जाऊन पाहा, कारण तुम्हालाही अशी जागा हवी जिथे ‘मला याचा राग येतो’ असे म्हणता येईल. चांगल्या गटात बोललेले बाहेर जात नाही, कोणी कोणाची औषधे बदलत नाही आणि चमत्काराच्या गोष्टी विकल्या जात नाहीत. एखाद्या गटात ‘मी सगळ्या गोळ्या सोडल्या आणि बरा झालो’ हे वाक्य सल्ला म्हणून फिरत असेल, तर तिथून उठून यावे.

भाऊ थोडा सावरला की त्याच्यासोबत बसून एक पानभर करार लिहा. त्याच्या उन्मादाची पहिली चिन्हे त्याच्याच शब्दांत लिहा: कुणी रात्री दोनला जुन्या मित्रांना फोन लावू लागतो, कुणी एकाच आठवड्यात तीन नवे व्यवसाय आखतो. ती दिसली तर डॉक्टरांना कोण कळवेल, कोणते औषध डॉक्टरांनी आधीच सांगितल्याप्रमाणे वाढवायचे, पैशांची कार्डे कोणाकडे राहतील, दाखल व्हावे लागले तर कुठे, हे त्यानेच ठरवावे आणि त्यावर त्याची सही असावी.

मरणाच्या विचारांबद्दल त्याला सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आले तर त्याला एकटे सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, आणि तोवर औषधांचा साठा तुमच्या ताब्यात कुलुपात ठेवा, कारण लिथियमचा अतिरेक जिवावर बेतू शकतो. घरी एका वेळी आठवड्याभरापुरत्याच गोळ्या ठेवणे हा साधा पण मोठा बचाव आहे.

आणि एक दिवस तो बरा असेल व म्हणेल, आता गोळ्या कशाला? त्या प्रश्नावर चिडू नका. तो बरा झालेल्या माणसाचा स्वाभाविक प्रश्न आहे. एकही औषध कमी करता येणार नाही असे नसते. पण लिथियम अचानक थांबवल्यास पुढील काही महिन्यांतच उन्माद उसळण्याचा धोका मोठा असतो, म्हणून ते काढायचेच ठरले तर किमान चार आठवड्यांत, शक्यतो तीन महिन्यांत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवत न्यावे, आणि मात्रा कमी केलेल्या प्रत्येक भेटीत पुढची तारीख ठरवूनच उठावे.